कागदावर नाव नको

मिनेसोटाच्या कॉलेजचं पाकीट तुरुंगाच्या पाद्रीबाई फॅरेल यांनी टेबलावर ठेवलं आणि स्वतः जाऊन खिडकीपाशी उभ्या राहिल्या. बातमी वाईट असली की फॅरेलबाई खिडकी गाठतात, हे हार्लो क्रीकच्या तुरुंगात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तिथं शेंबडी पोरं नव्हती, एवढंच.

लुकमान पेटवेनं पत्र वाचून थिएनकडे सरकवलं. थिएननं वाचून डोयल स्कॅग्जकडे सरकवलं. डोयलनं मात्र ते मोठ्यानं वाचलं, कारण मनातल्या मनात कुठलीच गोष्ट करणं त्या माणसाला जमत नसे.

“‘दुःख आणि देव’ या शेवटच्या विषयाचे आपले तिन्ही निबंध मिळाले,” डोयल वाचू लागला. “तिन्हींमध्ये एक वाक्य जसंच्या तसं आढळतं. ‘मरणारा माणूस देव आहे का असं विचारत नाही, तू आहेस का असं विचारतो.’ हे वाक्य कोणाचं, याचा उल्लेख एकाही निबंधात नाही. समाधानकारक खुलासा होईपर्यंत तिघांच्याही पदव्या रोखून धरण्यात येत आहेत. गुरुवारी दुपारी मी स्वतः फोन करीन. प्राध्यापक ओस्लुंड.”

तो थांबला. “म्हणजे? आपण कॉपी केली म्हणतेय ही?”

“तसंच म्हणतेय,” थिएन म्हणाला.

“एकमेकांची?”

“मग काय, वॉर्डनसाहेबांची?”

ते वाक्य कोणाचं हे तिघांनाही ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच तिघांची तोंडं शिवली गेली होती. फॅरेलबाईंनी वळून पाहिलं. “काही सांगायचंय का मला?”

“नाही बाई,” तिघं एका सुरात म्हणाले.

सहा वर्षं ही त्रयी टपालानं धर्मशास्त्र शिकत होती. कॉलेज ल्यूथरच्या पंथाचं, पण मनानं मोठं. ज्याचा जो धर्म असेल त्यात त्यानं मुरावं आणि शेजाऱ्याच्या धर्माचीही चार पुस्तकं वाचावीत, एवढीच त्यांची अट. लुकमान मुसलमान, तुरुंगात आल्यावर झालेला. डोयल केंटकीच्या डोंगरातला, जिथं टाळ्या पिटून आणि घसा फोडून प्रार्थना करतात त्या चर्चचा. थिएन बौद्ध, आईबरोबर व्हिएतनामहून लहानपणी आलेला. अभ्यासाची पुस्तकं आली की तुरुंगाच्या टपालखोलीत त्यांचे पुठ्ठे फाडून टाकत, कारण जाड पुठ्ठ्यात काहीही लपवता येतं. त्यामुळे तिघांच्या कोठड्यांतले पवित्र ग्रंथ उघडेबोडके पडलेले असायचे. पण अभ्यास कसा चालायचा! मैदानात फेऱ्या मारताना मोक्ष, पाप, पुनर्जन्म अशा गोष्टींवर इतकी भांडणं व्हायची की मनोऱ्यावरचा पहारेकरी भोंग्यावरून ओरडायचा, “ए पंडित लोकहो, अंतर ठेवा!” एकमेकांना ते मौलाना, पाद्री आणि भिक्कू म्हणत, आणि चिडले की याहून वाईट काहीतरी.

ही सगळी मेहनत कशासाठी, तर एका खुर्चीसाठी. तुरुंगाच्या दवाखान्यात मरणाला टेकलेल्या माणसाजवळ दुसऱ्या कैद्यानं बसायचं नाही, असा नियम होता. फॅरेलबाई एकट्या, त्यांना तीन तुरुंग सांभाळायचे. म्हणून माणसं दरवाज्याच्या काचेकडे बघत एकेकटी मरायची. वॉर्डननं बाईंना शब्द दिला होता की ज्या कैद्याला ही पदवी मिळेल, त्याला आपण दवाखान्यात बसू देऊ. लुकमाननं त्याच दिवशी अर्ज भरला होता. तरुणपणी त्यानं एका दुकानदाराला गोळी घातली होती आणि तो माणूस रस्त्यावर एकटा मेला होता, कारण लुकमान पळाला होता. हे ओझं कुठल्याही पदवीनं उतरणारं नव्हतं, हे त्याला कळत होतं. पण बसायचं होतं त्याला. कुणाजवळ तरी, न पळता, बसायचं होतं.

मग गेल्या हिवाळ्यात त्याचा कोठडीतला जोडीदार सायरस गिब्ज पोटाच्या कर्करोगानं दवाखान्यात गेला. अकरा वर्षं एका खोलीत काढलेली. सायरसच्या घोरण्यावरून लुकमान घड्याळ लावायचा. लुकमाननं दोनदा विनंती केली, पदवी अजून हातात नाही म्हणून दोनदा नकार आला. सायरस गेला. तो एकटा गेला हा विचार लुकमानच्या डोक्यातून जाईना.

त्यानंतर आठवड्यानं धुलाईघरात स्टार्चनं त्याला बाजूला घेतलं. स्टार्च म्हणजे इस्त्रीवाला म्हातारा. पहारेकऱ्यांच्या शर्टांना त्याच्यासारखी कडक इस्त्री कुणी करत नसे, म्हणून ते नाव पडलेलं. खरं नाव कुणाला माहीतही नव्हतं. देवाधर्माशी त्याचा छत्तीसचा आकडा. रविवारी सगळे प्रार्थनेला गेले की हा इस्त्रीखाली दोन पावांत चीज दाबून खरपूस भाजायचा आणि म्हणायचा, “हा माझा प्रसाद.” डोयल आणि थिएन तेव्हा चादरींच्या घड्या घालत होते.

“तुझा सायरस एकटा नव्हता,” स्टार्च म्हणाला. “चादरींची गाडी घेऊन मी आत गेलो, अन् बाहेर आलोच नाही. पडद्याआड बसलो. दुपारभर होतो.”

लुकमानच्या हातातली बादली खाली गेली. “काय म्हणाला तो?”

“मला वाटलं होतं, देवाचं काहीतरी काढेल. तुम्ही लोकांनी त्याचं डोकं खाल्लेलं. पण नाही. मरणारा माणूस देव आहे का असं विचारत नाही, तू आहेस का असं विचारतो. दर पाच मिनिटांनी विचारायचा. मी म्हणायचो, आहे रे बाबा, कुठं जातोय. एवढंच झालं. आता रडायचं तर तिकडं जाऊन रड, शर्ट भिजवू नकोस.”

लुकमान तिकडं जाऊन रडला. मग तिघांनीही आपापल्या कोठडीत, आपापल्या टाइपरायटरवर शेवटचा निबंध लिहिला. कुणी नक्कल केली असं होऊ नये म्हणून शहाण्यांनी एकमेकांना निबंध दाखवलेसुद्धा नाहीत. आणि तिघांनीही निबंधाच्या मध्यावर तेच वाक्य ठेवलं, कारण सहा वर्षांत वाचलेल्या पुस्तकांतलं दुसरं कुठलंच वाक्य त्याच्या शेजारी उभं राहीना.

नाव मात्र एकानंही लिहिलं नाही, आणि ते विसरूनही नव्हे. बाहेर जाणाऱ्या कागदावर दुसऱ्या कैद्याचं नाव लिहायचं नाही, हा तिथला पहिला धडा. बाहेर जाणारं प्रत्येक पान कुणीतरी वाचत असतं. एकानं घरी आईला लाडानं लिहिलं होतं की आमचा रूफस कोठडीतच काय झकास गरम सूप करतो. रूफसची कोठडी उलटीपालटी झाली, पाणी उकळायला लपवलेली विजेची तार सापडली आणि बिचारा महिनाभर एकांतकोठडीत गेला. आईला पत्र लिहिणाऱ्याशी पुढं वर्षभर कुणी बोललं नाही. आणि इथं तर स्टार्चनं उघड नियम मोडलेला. त्याचं नाव कागदावर लिहायचं म्हणजे त्याला स्वतःच्या हातानं नेऊन पकडून द्यायचं.

बुधवारी मैदानात तिघं भांडले, पण धर्मावरून नव्हे.

“सोपं आहे,” डोयल म्हणाला. “मौलाना, तू म्हण वाक्य माझंच आहे. आम्ही दोघांनी चोरलं. तू पास, आम्ही नापास. एक तरी खुर्चीवर बसेल.”

“आणि तुम्ही?”

“आम्ही पुन्हा सहा वर्षं! मला कुठं लग्नाला जायचंय?”

“माझ्या नावावर टाका,” थिएन म्हणाला. “म्हणजे मी चोरलं म्हणून. मला अपमानाचं फारसं वाटत नाही.”

“तुला कशाचंच काही वाटत नाही, भिक्कू, तीच तर तुझी बोंब आहे.”

लुकमान जागच्या जागी थांबला. “खोटं बोलून मिळवलेल्या पदवीवर मी मरणाऱ्या माणसाजवळ बसू? त्यानं माझ्याकडे बघितलं तर मी कुठं बघू? नाही. आणि ते वाक्य माझं नाही. ते सायरसचं आहे आणि स्टार्चचं आहे. सायरससाठी तो जोखीम घेऊन बसला. मी आयुष्यभर खुर्चीशिवाय राहीन, पण त्याला विकणार नाही.”

“मग स्टार्चलाच विचारू ना!”

“नाही! विचारलं तर तो हो म्हणेल. हो म्हणायला लावणं म्हणजे विकणंच. शपथ घे, पाद्री. त्याला यातलं अक्षर कळता कामा नये.”

डोयलनं छातीवर हात ठेवून शपथ घेतली. आता ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही त्याच्या शपथेवर विसंबायचं म्हणजे मांजरीला दुधाच्या राखणीला ठेवायचं. पण लुकमान भाबडा, त्याला वाटलं मिटलं.

त्या रात्री हातातोंडाशी आलेला घास गेला हे त्यानं मनाशी कबूल करून टाकलं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. सायरसच्या रिकाम्या पलंगाकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग नमाज पढून झोपला.

गुरुवारी दुपारी फॅरेलबाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. बाईंनी आवाज मोठा केला. प्राध्यापक ओस्लुंड यांचा आवाज कोरडा होता, पण त्यात आकस नव्हता.

“नमस्कार. सहा वर्षं तुम्हा तिघांचे कागद मी तपासतेय. तुम्ही एकमेकांशी सहमत झालाय असं एकदाही घडलेलं नाही. म्हणून या एका वाक्याचं मला नवल वाटलं. हे कोणाचं?”

तिघांनी हाताची घडी घातली.

“मिस्टर पेटवे?”

“सांगू शकत नाही, बाई.”

“मिस्टर स्कॅग्ज?”

“नाही सांगणार. म्हणजे मला सांगता येतंय, पण नाही सांगणार.”

“मिस्टर वो?”

“क्षमा करा,” थिएन म्हणाला.

फोनमधून एक निःश्वास ऐकू आला. “हे बघा, मी तुम्हाला चोर म्हणत नाही. पण दुसऱ्याचं वाक्य नावाशिवाय घेणं, याला आमच्याकडे चोरीच म्हणतात.”

“आमच्याकडे उलटं आहे बाई,” डोयल उसळला. “दुसऱ्याचं वाक्य नावासकट देणं म्हणजे चुगली. त्याला चोरीपेक्षा मोठी शिक्षा असते.”

पलीकडून बाई सावकाश म्हणाल्या, “हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता आलं. पण तरीही मी नियम वाकवू शकत नाही. तुमच्यासाठी वाकवला तर उद्या लोक म्हणतील की तुरुंगातली पदवी, म्हणजे तसलीच. तुमची पदवी तशी असू नये असं मला वाटतं.”

“बरोबर आहे तुमचं,” लुकमान म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं, आणि तेच जास्त दुखलं. “मग आम्हाला नापास करा. आम्ही पुन्हा लिहू, ते वाक्य वगळून.”

“वगळून निबंधात काय उरेल?”

“फारसं काही नाही,” लुकमान म्हणाला.

एवढ्यात दार ढकलून स्टार्च आत आला. हातावर प्रार्थनाघरातली धुतलेली टेबलवस्त्रं, कोपरे कागदाच्या धारेसारखे. त्यानं ती बाईंच्या खुर्चीवर ठेवली आणि डोयलकडे न बघता फोनकडे बघितलं. लुकमाननं मात्र डोयलकडे बघितलं, आणि डोयल छताकडे बघू लागला.

“शपथ घेतली होतीस!” लुकमान दातांमधून म्हणाला.

“अर्धा दिवस पाळली,” डोयल म्हणाला.

“गप बसा रे दोघं,” स्टार्च म्हणाला. “फोनवाल्या बाई, ऐकू येतंय का? ते वाक्य माझं आहे. या पोरांनी माझी चुगली केलेली नाही, तसं कुणी म्हणालं तर त्याची इस्त्री करीन. माझं मी सांगतोय. आपल्या तोंडानं आपलं सांगायला इथं बंदी नाही.”

“स्टार्च, थांब,” फॅरेलबाई खिडकीपासून वळल्या. “मी इथं ऐकतेय. ऐकलं की मला वर कळवावं लागतं. तुला माहीत आहे.”

“माहीत आहे बाई. तुम्ही तुमचं काम करा.” मग फोनला म्हणाला, “गेल्या हिवाळ्यात सायरस गिब्ज मेला तेव्हा मी त्याच्याजवळ बसलो होतो. परवानगी नव्हती. पहाऱ्यावर कोण होतं ते मी सांगणार नाही, त्या माणसाला लहान मुलं आहेत. बसलो म्हणून हे कळलं. पुस्तकात वाचलेलं नाही.”

लुकमाननं त्याचा दंड धरला. “का आलास? धुलाईघर जाईल तुझं. तुझा सगळा जीव आहे त्यात.”

“जाईल तर जाईल. तू इथं तोंड मिटून बसणार, अन् तिकडं दवाखान्यात पुढचा गडी एकटा मरणार, माझ्यापायी? मी काय दर वेळी चादरीच्या गाडीतून जाऊ? गुडघे गेलेत माझे.”

फोनमधून पेनाची खरखर ऐकू आली. “आपलं नाव सांगाल?”

“स्टार्च.”

“पूर्ण नाव हवं.”

म्हाताऱ्यानं घसा खाकरला. पहिल्यांदाच तो जरा बावरल्यासारखा दिसला. “अ‍ॅलॉयशस थर्स्टन क्रंप.”

डोयलला असल्या प्रसंगीही फिस्सकन हसू फुटलं. “अ‍ॅलॉयशस?”

“माझी आई हयात असती तर तुझं तोंड साबणानं धुतलं असतं तिनं.”

“आणि धर्म कोणता लिहू, मिस्टर क्रंप?” प्राध्यापकबाईंनी विचारलं.

“इस्त्री,” स्टार्च म्हणाला.

पलीकडे त्या पहिल्यांदा हसल्या. मग पुन्हा कोरड्या झाल्या आणि निकाल सांगितला. तिघांनी निबंध नव्यानं टाइप करून पाठवायचे, त्या वाक्याला तळटीप द्यायची आणि शिवाय एकेक पान लिहायचं, की ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव सांगणं आणि ज्याच्याकडून घेतलं त्याला सांभाळणं, यांत वाट कशी काढावी. उशिराबद्दल नियमाप्रमाणे गुण कापले जातील. “ते पान मला खरंच वाचायचंय,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

फॅरेलबाईंनी त्यांचं काम केलं. स्टार्चची चौकशी झाली, आणि त्यानं सगळं कबूल केल्यामुळे ती लवकर संपली. एकांतकोठडी वयामुळे टळली, पण धुलाईघर गेलं. त्या दिवशी लुकमान जेवला नाही. मग शिक्षेचं काम कुठलं द्यावं असा प्रश्न आला. तुरुंगात सगळ्यांत नकोसं काम म्हणजे दवाखान्यातली फरशी पुसणं. वास, ओकाऱ्या, रोज कुणीतरी मरतंय. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं मोठ्या कठोरपणे म्हाताऱ्याला तेच दिलं. असल्या हुशारीला काय म्हणावं! ज्या दारातून चोरून शिरल्याबद्दल शिक्षा, त्याच दाराच्या आत रोज जायची सक्ती. फॅरेलबाई त्या दिवशी खिडकीपाशी गेल्या नाहीत, असं थिएन शपथेवर सांगतो.

वसंतात तिघं पास झाले. डोयलला सगळ्यांत कमी गुण मिळाले आणि त्यानं सगळ्यांत जास्त आरडाओरडा केला. वॉर्डननं दिलेला शब्द पाळला.

पहिली पाळी लुकमानची आली. दवाखान्यात शिरताना त्याला मागं फिरावंसं वाटलं होतं, हे त्यानं पुढं कुणापासून लपवलं नाही. आत एक खाट व्यापलेली होती. हृदय थकलेला, डोळे मिटलेला एक माणूस, लुकमान त्याला नुसता चेहऱ्यानं ओळखत होता. खाटेजवळ खुर्ची होती. आणि भिंतीकडेला स्टार्च फडकं पिळत उभा होता.

“फरशी ओली आहे, पदवीधर. घसरशील.”

“तुझ्यासाठी आणलंय,” लुकमान म्हणाला आणि शर्टाच्या आतून घडी केलेला कागद काढला. कॉलेजकडून तपासून परत आलेल्या निबंधाचं ते एक पान होतं.

स्टार्चनं हात पँटला पुसले. चष्मा नव्हता, म्हणून कागद लांब धरला. खालच्या ओळीपर्यंत यायला त्याला वेळ लागला. ‘हे अ‍ॅलॉयशस थर्स्टन क्रंप यांचं म्हणणं आहे. सायरस गिब्ज यांच्या अखेरच्या दुपारी त्यांच्याजवळ बसून त्यांना हे उमजलं.’

“नंबर कुठंय?” त्यानं विचारलं.

“कसला नंबर?”

“माझा. नावापुढं कैदी नंबर लिहिला नाहीस. परत पाठवतील ते.”

“तळटिपेत नंबर लिहीत नाहीत, स्टार्च. माणसाचं नाव आणि तो काय म्हणाला, एवढंच.”

म्हाताऱ्यानं पुन्हा कागद लांब धरला. कोर्टात शिक्षा सुनावल्यापासून त्याचं नाव ज्या ज्या कागदावर आलं, त्या प्रत्येकावर नंबर होता. शर्टावर, ताटावर, औषधाच्या बाटलीवर तर नुसता नंबरच. तो तोंडातल्या तोंडात आपलं नाव वाचू लागला, एकदा, मग पुन्हा. लुकमानला भरून आलं आणि त्यानं ते येऊ दिलं.

खाटेवरचा माणूस हलला. त्याचा हात चादरीवर काहीतरी चाचपडू लागला.

“जा,” स्टार्च म्हणाला, “तुझं काम आलं.”

लुकमान जाऊन खुर्चीवर बसला आणि त्यानं तो हात धरला. मागं फडक्याचा आवाज बराच वेळ आला नाही. पान स्टार्चनं परत दिलं नाही, आणि लुकमाननं मागितलंही नाही.